सुतारकामात यंत्र आणि एआय: सोलापूरच्या लहान दुकानाने तयारी कशी करावी

सुताराच्या वहीत 'दोन फूट, तीन इंच, पाच सूत' असे माप लिहिलेले असते आणि ते वाचताना कोणताही मिस्त्री अडत नाही. तेच माप सीएनसी राउटरच्या, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर प्लाय कापणाऱ्या यंत्राच्या, दुकानात पाठवले, की यंत्रावर बसलेला मुलगा पहिला प्रश्न विचारतो, "काका, मिलिमीटरमध्ये किती?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून खरे उत्तर ७०१.७ आहे. इंच म्हणजे पंचवीस आणि सूत म्हणजे तीन असा तोंडी हिशोब केला, तर ते ६९० येते आणि कपाटाची फळी जवळजवळ बारा मिलिमीटरने आखूड निघते. यात यंत्राची काहीही चूक नसते. त्याला जे माप सांगितले, ते त्याने बिनचूक कापलेले असते.

हे मार्गदर्शन दोन-तीन मिस्त्री, एक-दोन मदतनीस, एक कटर टेबल आणि हातरंधे यांवर चालणाऱ्या दुकानासाठी लिहिले आहे. अशी दुकाने सोलापुरात पुष्कळ आहेत आणि स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या, कपाटे, दाराच्या चौकटी, देव्हारे हीच त्यांची रोजची कामे असतात. यंत्रे आणि एआय आल्यावर सुताराचे काय होणार, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की कापण्याचे काम बहुतेक जाईल आणि माप घेण्याचे काम राहील. मात्र ते माप सुताराच्या वहीत आणि त्याच्या बिलात, दोन्ही ठिकाणी दिसले पाहिजे.

आधी स्वतःचे काम मोजावे

गेल्या वर्षभरातील दहा ऑर्डरी निवडाव्यात आणि प्रत्येकीत माप घेणे, नकाशा काढणे, कापणे, कडा लावणे, भोके पाडणे, कोरीव काम, सांधे, पॉलिश, जागेवर बसवणे आणि नंतरची दुरुस्ती यांना किती तास गेले, हे आठवून लिहावे. आकडे अंदाजाचे असले तरी चालतात. नंतर प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत: माल सपाट आणि एकसारखा आहे का, माप आधीपासून पक्के आहे का, आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायची आहे का? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल, तर ते काम आज ना उद्या यंत्राकडे जाणार, असे धरून चालावे.

प्लायच्या २४४० बाय १२२० मिलिमीटरच्या तक्त्याचे तुकडे करणे हे या कसोटीला पुरेपूर उतरते. बिजागरीच्या कपासाठी ३५ मिलिमीटरचे भोक पाडणे, फळ्यांसाठी ३२ मिलिमीटरच्या अंतराने ५ मिलिमीटरची भोके ओळीने पाडणे आणि कडेला पट्टी चिकटवणे, ही कामेही तशीच आहेत. नक्षीची जाळी आणि देव्हाऱ्याची महिरप यांचा मोठा भाग आताच राउटरवर होऊ लागला आहे. याउलट ट्रॉलीचा बॉक्स तिसऱ्या मजल्यावर अरुंद जिन्याने नेणे, ओट्याखाली आडवे पडून पाण्याच्या पाइपला वळसा घालत तो बसवणे आणि पावसाळ्यात अडकणारे दार किती तासायचे हे हाताने चाचपून ठरवणे, या कामांत तिन्हींपैकी एकाही प्रश्नाला 'होय' म्हणता येत नाही. माणसाला सहज जमणारी हालचाल यंत्राला सर्वांत अवघड जाते, हे निरीक्षण हान्स मोरावेक यांनी १९८८ सालीच नोंदवले होते. आमच्या हमालांना ते न वाचताही ठाऊक आहे.

हीच कसोटी घरांनाही लावता येते. कुंभारीजवळच्या रे नगर वसाहतीत १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० घरे कामगारांना सुपूर्द करण्यात आली. एकाच आराखड्याच्या एवढ्या घरांसाठी स्वयंपाकघराची कटिंग लिस्ट, म्हणजे कापायच्या भागांच्या मापांची यादी, एकदा तयार केली, की ती थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा वापरता येते, आणि अशा ठिकाणी यंत्राशी दराची स्पर्धा करण्यात अर्थ नाही. जुन्या पेठांतील घरांत मात्र एका भिंतीचे माप शेजारच्या भिंतीला लागू पडत नाही. दोन्ही प्रकारची कामे घ्यावीत. पण दोन्हींचा हिशोब एकाच पद्धतीने करू नये.

यंत्राचा धसका घेण्याचे कारण निदान सोलापुरात तरी नसावे. चादरीवरचे डिझाइन जॅकार्डच्या, म्हणजे मागावर बसवलेल्या यंत्रणेच्या, पुठ्ठ्यांवरील भोकांवरून विणले जात आले आहे. ताण्याचा कोणता उभा धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे भोक ठरवते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ मध्ये अंकांवर चालणारे धातू कापण्याचे पहिले यंत्र दाखवले गेले, तेव्हा त्यालाही सूचना भोके पाडलेल्या फितीवरूनच दिल्या जात होत्या. ज्या गावात पुठ्ठे ठोकणारे कारागीर होते, त्या गावाला सीएनसी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. आमच्या वडिलांच्या उमेदीत हातमागाच्या लाकडी चौकटी जोडणे आणि दुरुस्त करणे हे बारमाही काम होते. ग्रामीण भागातील नातेवाईक तिफणी, त्यांची चाडी आणि बैलगाडीची चाके करीत. ती दोन्ही कामे गेली आणि आम्ही चौकटी-कपाटांकडे वळलो. तेव्हा वळायला वीस वर्षे मिळाली होती. या खेपेला तेवढी मिळतील असे वाटत नाही.

मापाची पद्धत बदलावी

तयारीत सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. इंच-सूत वाईट नाही, आणि जुन्या चौकटीची दुरुस्ती करताना मी स्वतः त्यातच विचार करतो. परंतु एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजेच ३.१७५ मिलिमीटर, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. इंचाला पंचवीस धरले, तर आठ फुटांत ३८ मिलिमीटरची चूक होते. म्हणून रूपांतर करण्याऐवजी सुरुवातच मिलिमीटरने करावी. दुकानातील सर्वांकडे एकाच कंपनीचे टेप असावेत, ते महिन्यातून एकदा पोलादी पट्टीशी ताडून पाहावेत आणि टेपचे टोकाचे हूक वाकलेले असेल तर तो टेप सरळ बाजूला टाकावा.

जागेवर गेल्यावर सर्वप्रथम कोपरा तपासावा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६०० आणि दुसरीवर ८०० मिलिमीटरवर खूण करावी. दोन खुणांमधील तिरके अंतर बरोबर १००० आले, तर कोपरा काटकोनात आहे. ते १००६ आले तर कोपरा उघडा आहे, ९९४ आले तर मिटलेला आहे. त्यानंतर ओळंबा सोडून भिंत किती कलली आहे ते पाहावे, आणि जमिनीची पातळी पाणी भरलेल्या नळीने किंवा लेझर लेव्हलने तपासावी. रुंदी तळाशी, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी. प्लगची जागा, गॅसची नळी, टाइलची कड आणि खिडकीचे दार उघडल्यावर कुठवर येते, हे सर्व त्याच वेळी लिहावे. दुसऱ्यांदा जायचे म्हटले की अर्धा दिवस जातो.

साखर पेठेतील एका जुन्या घरात ओट्याशेजारी उंच कपाट बसवायचे होते. रुंदी तळाशी १८४२, मध्ये १८३६ आणि वर १८२५ मिलिमीटर भरली. भिंत वर येताना १७ मिलिमीटर पुढे झुकलेली होती आणि मध्ये तिचे पोट किंचित आत गेले होते. तळाचे माप धरून यंत्रावर बॉक्स कापून घेतला असता, तर तो वरच्या बाजूने आत गेलाच नसता. वरचे माप धरून कापला असता, तर तळाशी बोटभर फट राहिली असती. आम्ही बॉक्स १८०० चा करवून घेतला आणि भिंतीलगत वर २५, तळाशी ४२ मिलिमीटर रुंदीची एक उभी पट्टी बसवली. पट्टी आधी भिंतीला टेकवून, पेन्सिलीला लहान ठोकळा लावून भिंतीच्या उंचसखलपणाची रेघ तिच्यावर उतरवली आणि रंध्याने त्या रेघेपर्यंत तासली. शेवटच्या चार-पाच फेऱ्या हातरंध्यानेच माराव्या लागतात. विजेच्या रंध्याने रेघ कधी ओलांडली गेली ते कळत नाही. या सगळ्याला पाऊण तास लागला. कपाटाचे बाकी सगळे भाग यंत्राने कापलेले होते. तरी घरच्या बाईंनी आल्यागेल्याला दाखवली ती ही पट्टी, कारण तिच्यामुळे कपाट भिंतीतच घडवल्यासारखे दिसत होते.

म्हणून नियम असा ठेवावा की सर्वांत लहान मापातून २० ते ३० मिलिमीटर वजा करून बॉक्स कापावा आणि उरलेली जागा हाताने भरावी. घेतलेली मापे ग्राहकासमोर वाचून दाखवावीत आणि त्याच कागदावर तारीख घालावी.

कटिंग लिस्ट लिहिण्यास शिकावे

कटिंग लिस्ट म्हणजे यंत्राला दिलेली चिठ्ठी. तिच्यात प्रत्येक भागाचे नाव, लांबी, रुंदी, जाडी, नग, सनमायकाच्या रेषांची दिशा आणि कोणकोणत्या कडांना पट्टी लावायची, हे सर्व असावे. यांतील शेवटचा रकाना आम्ही एकदा रिकामा सोडला होता. १००० मिलिमीटरच्या जागेत दोन शटर बसवायची होती, म्हणून प्रत्येकी ४९८ असे माप आम्ही पाठवले. कटिंग करून देणाऱ्याने ते कापण्याचे माप समजून तक्ता ४९८ वर कापला आणि मग दोन्ही बाजूंना २ मिलिमीटरची पट्टी चिकटवली. शटर ५०२ चे झाले. दोन मिळून १००४. सहा जोड्या होत्या. तो म्हणाला, तुम्ही लिहिले नव्हते. आम्ही म्हणालो, विचारायला हवे होते. दोघांचेही खरे होते. बारा शटरच्या कडा सोलून पुन्हा कापण्याची मजुरी मात्र आमच्या खिशातून गेली. तेव्हापासून लिस्टच्या डोक्यावरच 'ही मापे पट्टीसह तयार मापे आहेत' असे ठळक लिहिण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे.

आणखी दोन गोष्टी इथे लक्षात ठेवाव्यात. करवतीचे पाते स्वतः तीन-चार मिलिमीटर लाकूड खाते, त्यामुळे १२२० च्या तक्त्यातून ६१० चे दोन तुकडे निघत नाहीत. कपाटाची दोन फुटांची खोली ६०० वर आणली तर निघतात, आणि मोठ्या कामात एवढ्यानेही तक्ते वाचतात. दुसरी गोष्ट जाडीची. १८ मिलिमीटर म्हणून विकत घेतलेली प्लाय व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या साधनाने, मोजली तर पुष्कळदा त्याहून कमी भरते. हाताने खाच काढणारा मिस्त्री फळी समोर धरून खाच काढतो, म्हणून त्याला हा फरक जाणवत नाही; यंत्र मात्र १८ ची खाच काढून मोकळे होते आणि फळी तिच्यात खुळखुळते. आलेल्या मालातील तीन तक्ते मोजून मगच जाडीचा आकडा लिहावा.

राउटरच्या गोल फिरणाऱ्या टोकामुळे, म्हणजे बिटमुळे, आतला कोपरा कधीही काटकोनी निघत नाही. ६ मिलिमीटरच्या बिटने काढलेल्या खाचेच्या प्रत्येक कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. कुसू, म्हणजे खाचेत जाणारे लाकडाचे चौकोनी टोक, बसवायचे असेल, तर हे कोपरे पटाशीने, म्हणजे धारदार छिन्नीने, चौरस करावे लागतात. नव्या मुलाला पटाशीला धार लावायला शिकवण्याचे यंत्राच्या काळातले हे अगदी व्यावहारिक कारण आहे.

एआयचा उपयोग कुठे आणि पारख कुठे

मोबाइलवरील एआयला आता मराठीत बोलून काम सांगता येते. ज्या मिस्त्रीला दरपत्रक लिहिण्याचा कंटाळा येतो, त्याने ते काम त्याच्याकडून जरूर करून घ्यावे. ग्राहकाला पाठवायचा निरोप, मालाची यादी आणि इंचांचे मिलिमीटर हेही तो झटपट करून देतो. परंतु आकड्यांच्या बाबतीत त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, कारण चुकीचे उत्तरही तो तितक्याच ठामपणे देतो. त्याला हिशोब पायरीपायरीने मांडायला सांगावे आणि त्यातील एक तरी पायरी स्वतः करून पाहावी. उदाहरणार्थ, ५ बाय ३ इंचाच्या चौकटीला सात फुटांचे दोन उभे आणि चार फुटांचा एक आडवा, असे अठरा फूट लाकूड लागत असेल, तर ५ गुणिले ३ गुणिले १८ भागिले १४४, म्हणजे १.८७५ घनफूट होते. हे उत्तर आपल्या वहीत आधी लिहावे आणि मग त्याला विचारावे. दोन्ही जुळली, तरच पुढची मोठी यादी त्याच्याकडे द्यावी. ड्रॉवरच्या रुंदीतून दोन्ही बाजूंच्या टेलिस्कोपिक चॅनलचे (ज्यांवर ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांचे) मिळून साधारण २६ मिलिमीटर वजा झाले आहेत का, हे तर दर वेळी पाहावे.

खरी कसोटी लागते ती ग्राहक एआयने केलेले चित्र घेऊन येतो तेव्हा. जुळे सोलापुरातील एका गृहस्थांनी मोबाइलवर स्वयंपाकघराचे फार सुंदर चित्र दाखवले. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ड्रॉवर होते. त्यांतील एक उघडला असता, तर दुसरा उघडलाच नसता. वरच्या शटरना बिजागरीला जागा नव्हती आणि चिमणीची नळी चित्रात कुठेच नव्हती. अशा वेळी 'हे होत नाही' एवढेच म्हटले, तर ग्राहकाला मिस्त्री जुन्या वळणाचा वाटतो. त्याऐवजी चित्रातले त्यांना नेमके काय आवडले, रंग, मांडणी की मोकळेपणा, ते आधी विचारावे; मग कागदावर वरून दिसणारा साधा नकाशा काढून दोन्ही ड्रॉवर उघडे दाखवावेत. त्या गृहस्थांना रंग आणि हँडल नसलेली शटर एवढेच हवे होते. ते दोन्ही करता आले, आणि काढलेल्या नकाशाचे पैसे आम्ही वेगळे लावले.

कोरीव कामात अधिक सावध राहावे. एआयकडून चित्र घेऊन त्याचे उठावाच्या फाइलमध्ये रूपांतर करणे आता सोपे झाले आहे, आणि गणेशपट्टीच्या नक्षीसाठी तसे केलेही जाते. मात्र अशा चित्रात हातांची संख्या, बोटे, आयुधे आणि सोंडेचे वळण हमखास चुकू शकते. लाकडावर उतरल्यावर ती चूक पुसता येत नाही आणि ज्याच्या दारावर ती बसते, त्याला ती रोज दिसते. फाइल यंत्रावर चढवण्याआधी घरातील जाणत्या माणसाला मोठे करून दाखवावी. शिवाय तीन अक्षांच्या राउटरचे बिट फक्त वरून खाली येते, त्यामुळे पानाच्या किंवा सोंडेच्या खालची पोकळी त्याला काढता येत नाही. ती पटाशीने मोकळी केल्याशिवाय उठाव चिकटवल्यासारखा दिसतो. यंत्राने ऐंशी टक्के काढलेली पट्टी हाताने पुरी करणे, हे माझ्या मते पुढील काही वर्षे चांगला पैसा देणारे काम आहे.

लाकडाची पारख सोडू नये

सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा कोरडी असते; पाऊस आला की तेच लाकूड फुगते. वर्षवलयांच्या दिशेने लाकूड जेवढे आकसते, ते वलयांना काटकोनात आकसते त्याच्या साधारण दुप्पट असते, म्हणून वलयांना समांतर कापलेली फळी खोलगट होते. यंत्राची अचूकता इथे उलटी अंगावर येते. दार चौकटीत दोन मिलिमीटरच्या फटीने नेमके बसवले, लाकूड मात्र मुरलेले नव्हते, तर पहिल्याच मृगात ते दार अडते. लाकडातील ओलावा मोजणारे लहानसे मीटर घ्यावे, फळीच्या टोकाला न लावता मध्यभागी लावावे आणि मिळालेला आकडा फळीवरच खडूने तारखेसह लिहावा. पॅनलच्या दारात आतली फळी फेव्हिकॉलने कधीही घट्ट करू नये. ती खाचेत मोकळी राहिली, तर आकसू-फुगू शकते.

रेषा कोणत्या बाजूला उलटतात, गाठ सांध्यावर येते का, गाभ्याचा भाग कुठे संपतो आणि बाहेरचा फिकट, कीड लागणारा भाग कुठे सुरू होतो, हे पाहून फळी फिरवणे मिस्त्रीच्या हाताला सवयीने जमते. बल्लारशाहचा साग असो की शेतातली बाभूळ, यंत्रावर ठेवण्याआधी ही पारख झालेली असली पाहिजे. यंत्राला सर्व तक्ते सारखेच दिसतात.

यंत्र विकत घ्यावे का?

बहुतेक लहान दुकानांनी निदान पहिले वर्ष घेऊ नये. कटिंग बाहेरून करून घ्यावे आणि त्या वर्षात आपल्याला खरोखर किती तासांचे काम लागते, ते मोजावे. हिशोब समजण्यापुरते उदाहरण घेऊ. समजा यंत्राच्या कर्जाचा मासिक हप्ता १७,५०० रुपये, चालवणाऱ्याचा पगार १८,००० रुपये, जागा आणि वीज ९,५०० रुपये, बिट आणि देखभाल ५,००० रुपये आहे. एकूण ५०,००० झाले. महिन्याला १०० तास यंत्र चालले, तर तासाला ५०० रुपये पडतात. ४० तासच चालले, तर १,२५० पडतात. बाहेरचा दर या दोहोंच्या मध्ये असेल, तर निर्णय यंत्राच्या किमतीवर नव्हे, तर आपल्या ऑर्डरींच्या संख्येवर करावा. ज्यांना घ्यायचेच आहे, अशा चार-पाच दुकानांनी मिळून एक घेण्याचा विचार करावा. भांडण वेळेवरून होते, म्हणून कोणाचा कोणता वार हे आधीच लिहून ठेवावे.

यंत्र घेतल्यास धूळ ओढणारे साधन त्याच दिवशी घ्यावे. लाकडाची धूळ कर्करोगाला कारणीभूत ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेले आहे. तोंडाला रुमाल बांधल्याने त्या साधनाची गरज भागत नाही.

दरपत्रक वेगळे मांडावे

आजवर आपण चौरस फुटाचा एकच दर सांगत आलो. त्या दरात माप, नकाशा, कटिंग, जोडणी आणि फिटिंग सर्व दडलेले असते आणि ग्राहक तो कापण्याचाच दर समजतो. शेजारी यंत्राने स्वस्तात कटिंग होऊ लागले, की तो आपला संपूर्ण दर त्याच्याशी ताडून पाहतो आणि आपण महाग ठरतो. म्हणून माप आणि नकाशा, कटिंग आणि पट्टी, जोडणी, जागेवरचे फिटिंग, आणि एका वर्षातील पावसाळ्यानंतरची एक दुरुस्तीफेरी अशा पाच ओळी वेगळ्या लिहाव्यात. कटिंगच्या ओळीत बाहेरचा खराखुरा खर्च लिहावा, त्यात लपवून काही कमवू नये. माप आणि नकाशाची रक्कम आगाऊ घ्यावी. काम आपल्याला मिळाले तर ती बिलातून वजा करावी, आणि न मिळाले तर नकाशा ग्राहकाला देऊन टाकावा. सुरुवातीला काही जण नाराज होतात. फुकट माप घेऊन दुसरीकडे जाणारे मात्र त्यामुळे आपोआप कमी होतात.

शिकण्याची सोय

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. तिच्यात पायाभूत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि कारागिराला ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख, दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे; एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. अवजारांचे पैसे आणखी एका ड्रिलवर घालवण्यापेक्षा लेझर लेव्हल, ओलावा मोजणारे मीटर आणि व्हर्नियर यांवर खर्चावेत, असे मी सुचवेन.

आषाढ लागला की वास्तुशांती आणि लग्ने थांबतात आणि दुकानात हात मोकळे असतात. त्या काळात दुकानातील सर्वांत तरुण मुलाला स्केचअपसारखा त्रिमितीय नकाशा काढणारा प्रोग्राम शिकायला बसवावे आणि सर्वांत अनुभवी मिस्त्रीला त्याच्या शेजारी बसवावे. मुलगा एकटा शिकला, तर हवेत तरंगणारी कपाटे काढतो. मिस्त्री एकटा बसला, तर दोन दिवसांत उठून जातो. दोघांनी मिळून दिवाळीपर्यंत पाच खऱ्या ऑर्डरींचे नकाशे पुरे करावेत आणि संक्रांतीच्या सुमारास होणाऱ्या सिद्धेश्वरांच्या यात्रेपर्यंत त्यांतील तीन तरी यंत्रावर कापून जागेवर बसवून पाहाव्यात.

प्रत्येक कामाची फाइल ग्राहकाचे आडनाव, पेठ आणि साल घालून दोन ठिकाणी जपून ठेवावी; मापाच्या कागदाचा फोटोही तिच्यासोबत ठेवावा. चार वर्षांनी सिंकखालचे शटर फुगले म्हणून फोन येतो, तेव्हा फाइल शोधायला पाच मिनिटे लागतात आणि नवे शटर त्याच दिवशी कापून मिळते. कापायला पाठवण्यापूर्वी मात्र एकदा त्या घरी जाऊन माप पुन्हा घ्यावे, कारण तेवढ्या काळात जमीन किंवा भिंत थोडीफार हललेली असते.